गोष्ट कुणाच्या डोळ्यांनी सांगितली जाते?

एखाद्या कथेत, नाटकात दलित पात्र आलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : लेखकाने त्याला चांगलं दाखवलंय की वाईट? आमच्या मते त्याआधी वेगळाच प्रश्न विचारायला हवा. ही गोष्ट कुणाच्या डोळ्यांनी दिसते आहे? कारण वाचक ज्याच्या डोळ्यांनी बघतो, त्याच्या बाजूला नकळत जाऊन उभा राहतो. त्याची भीती वाचकाची होते, त्याच्या चुकांना वाचक कारणं शोधतो. बाकीची माणसं फक्त दिसतात, त्यांच्या मनात काय चाललंय ते कळत नाही.

आमच्या कांदिवली पूर्वेचंच उदाहरण घ्या. इथे एका बाजूला टॉवर आहेत आणि दुसऱ्या बाजूला दामूनगरची वस्ती. ७ डिसेंबर २०१५ला दामूनगरला आग लागली, शेकडो झोपड्या जळाल्या. या आगीवर उद्या कुणी कथा लिहिली आणि निवेदक टॉवरच्या बाल्कनीत उभा असला, तर कथेत धूर येईल, सिलिंडरचे आवाज येतील, फार तर हळहळ येईल. तीच कथा झोपडीतल्या बाईने सांगितली तर सुरुवात पत्र्याच्या पेटीपासून होईल. त्या पेटीत रेशनकार्ड आहे, जातीचा दाखला आहे, मुलीची मार्कशीट आहे. आग एकच. पहिल्या कथेचा वाचक कीव करेल, दुसऱ्या कथेचा वाचक पेटी वाचवायला धावेल.

आता विजय तेंडुलकरांचं 'कन्यादान' (१९८३) पाहा. समाजवादी नाथ देवळालीकरांची मुलगी ज्योती दलित कवी अरुण आठवलेशी लग्न करते आणि तो तिला मारहाण करतो. या नाटकावर वाद झाला तो 'दलित तरुण असा असतो का?' यावर. बायकोला मारणारा नवरा कुठल्याही जातीत असू शकतो आणि त्याचा निषेधच व्हायला हवा. आमचा आक्षेप वेगळा आहे. नाटक मुख्यतः देवळालीकरांच्या घरातून बघतं. नाथांचा भ्रमनिरास आपण पायरीपायरीने अनुभवतो. अरुणचा संताप मात्र बाहेरून येऊन आदळतो. तो कुठे वाढला, तिथे रात्री काय घडायचं, हे तो बोलून दाखवतो तेवढंच. शेवटी ज्योती बापालाही खडे बोल सुनावते, हे खरं. तरी प्रेक्षक बाहेर पडतो तो नाथांचं दुःख सोबत घेऊन.

प्रेमचंदांच्या 'कफन'चंही (१९३६) असंच आहे. झोपडीत बुधिया बाळंतपणाच्या वेणांनी तडफडते आणि बाहेर शेकोटीपाशी नवरा माधव आणि सासरा घीसू बटाटे खात बसतात. निवेदक त्या दोघांच्या जवळ बसतो. बुधिया जिवंत असेपर्यंत आत तो जात नाही. बुधियाच्या वाट्याला फक्त किंकाळ्या येतात. तिच्या बाजूने ही गोष्ट सांगितली असती तर घीसू-माधवच्या आळसाची चर्चा झाली असती का?

डोळे बदलले की काय होतं, हे बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये दाखवलं आहे. ती कथा नाही, आठवण आहे, पण सांगण्याची रीत शिकण्यासारखी आहे. लहानगा भीमराव घरातल्या इतर मुलांसोबत मसूर स्टेशनवर उतरतो. कपडे नवे, मनात वडिलांकडे जाण्याचा आनंद. स्टेशनमास्तर आपुलकीने विचारपूस करतो. मुलगा आपली जात सांगतो आणि मास्तरचा चेहरा बदलतो. तो चेहरा आपल्याला मुलाच्या उंचीवरून दिसतो. त्या क्षणी कोणत्याही देशातला, कोणत्याही जातीचा वाचक त्या मुलाच्या जागी असतो. अस्पृश्यता म्हणजे काय, हे त्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

बाबुराव बागुलांनी 'जेव्हा मी जात चोरली होती' या १९६३च्या संग्रहातल्या त्याच नावाच्या कथेत हेच केलं. निवेदक 'मी' आहे, त्यामुळे त्याचं गुपित वाचकालाही सांभाळावं लागतं. सवर्ण वाचकालासुद्धा त्या पानांपुरतं जात उघडी पडण्याचं भय वाटतं. कणव मागणाऱ्या शंभर कथांनी हे साधलं नसतं.

'मग सवर्णांनी आमच्यावर लिहूच नये का?' असं काहीजण विचारतात. जरूर लिहावं. लेखक कुठे उभा राहून लिहितो, हे तपासण्याचा हक्क मात्र आपला आहे. आणि ही तपासणी घरापासून सुरू व्हायला हवी. आपल्या कित्येक आत्मकथनांत आई राबताना दिसते, पण ती मुलाच्या डोळ्यांनी. बेबीताई कांबळेंनी 'जिणं आमचं'मध्ये आणि ऊर्मिला पवारांनी 'आयदान'मध्ये स्वतः सांगायला घेतलं, तेव्हा वस्तीतल्या नवऱ्यांची मारहाण आणि शिकणाऱ्या बायकोबद्दलची घरातली नाराजीही पानावर आली. जातीविरुद्ध लढणाऱ्या घरातही कुणीतरी न बोलता बसलेलं असतं. 'आम्ही' म्हणताना त्या बाईचा आवाज आपण धरतो का?

म्हणून तरुण मित्रमैत्रिणींना आमचं सांगणं आहे. पुढचं पुस्तक वाचताना, सिनेमा बघताना तीन प्रश्न सोबत ठेवा. कुणाच्या मनात आपल्याला प्रवेश आहे? कोण फक्त बाहेरून दिसतं? कुणाला तोंडच दिलेलं नाही? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं की वही उघडा आणि तिथून लिहायला लागा. आपली बाजू दुसऱ्याने नीट मांडावी म्हणून वाट बघण्यात आपल्या कितीतरी पिढ्या गेल्या आहेत.

जय भीम!