यंत्राच्या आधी जोडणीचा कागद

मूळ कोडपासून सुरुवात करून आपल्या संगणकाची कार्यप्रणाली स्वतःच बांधणारे हौशी लोक जगभर आहेत. ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ हे पुस्तक त्यांच्यासाठीच आहे. त्यात बऱ्याच लवकर एक छोटी पायरी येते : कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, हेडर फायली बसवण्याची. गंमत अशी की खुद्द कर्नल बांधला जातो तो जवळपास शेवटी. मग या फायलींची एवढी घाई कशासाठी?

हेडर फायलींत काम करणारा कोड जवळजवळ नसतोच. कर्नलकडे कोणती सेवा कोणत्या क्रमांकाने मागायची, माहिती कोणत्या साच्यात द्यायची, एवढेच तिथे लिहिलेले असते. औषधाच्या खोक्यातल्या माहितीपत्रकासारखे. हे वाचून ‘ग्लिबसी’ ही लायब्ररी बांधली जाते आणि बाकीचे बहुतेक प्रोग्रॅम तिच्यावर उभे राहतात. कर्नलच्या घरगुती वापराच्या हेडर फायली निराळ्या. त्या आवृत्तीगणिक बदलतात. डिसेंबर २०१२च्या ३.७ आवृत्तीत या दोहोंची कोडमध्येच फारकत झाली. ‘मेक हेडर्स’ ही आज्ञा बाहेरच्यांसाठीच्या फायली तेवढ्या तयार करून देते.

नवा कर्नल घेतला की हेडरही बदलायच्या, असा उत्साह अनेकांना असतो. तो आवरावा. ग्लिबसी ज्या फायलींवर बांधली, त्याच राहू द्याव्यात. कर्नल खुशाल पुढे न्यावा, कारण बाहेरच्या प्रोग्रॅमना दिलेला शब्द मोडायचा नाही, असा लिनस टोरवाल्ड्स यांचा दंडकच आहे. कर्नलच्या आत बसणाऱ्या ड्रायव्हरना मात्र असे कोणतेही अभय नाही.

रुग्णालयांचे दुखणे इथूनच सुरू होते. यंत्र ठणठणीत असते, पण त्याला जोडलेला संगणक जुन्या आवृत्तीला खिळलेला असतो. कंपनीने दिलेला बंदिस्त ड्रायव्हर नव्या आवृत्तीवर चालत नाही, त्यामुळे सुरक्षेच्या दुरुस्त्या बसवता येत नाहीत. चालू यंत्र भंगारात काढा किंवा जोखीम घेऊन वापरा, एवढेच पर्याय उरतात. ड्रायव्हरचा कोड खुला असता आणि लिनक्सच्या मुख्य कोडात सामील झाला असता, तर कर्नल बदलणाऱ्यांनीच तोही सुधारत नेला असता.

एक्स-रे आणि सीटीच्या प्रतिमांसाठी ‘डायकॉम’ हे मानक १९९३पासून आहे. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१६च्या इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींच्या मानकांतही ते आहे. यंत्र त्यातले नेमके काय पाळते, हे सांगणारे ‘कॉन्फॉर्मन्स स्टेटमेंट’ कंपनीला द्यावे लागते. ते निविदेसोबतच मागून घ्यावे आणि खरेदी समितीतल्या बायोमेडिकल इंजिनिअरने ते वाचल्याशिवाय सही होऊ नये. ड्रायव्हरचा कोड मिळणार का आणि नव्या आवृत्त्यांसाठी तो किती वर्षे सुधारून देणार, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे. वॉरंटीचा कालावधी तर सगळेच विचारतात.