लावणी पाहिली, लिहिली कोणी?

नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत मार्गशीर्षात तमाशाचे फड उतरतात, लावणी महोत्सवही होतो. उद्घाटन कोणत्या पुढाऱ्याने केले हे वृत्तपत्रांतून सविस्तर कळते. ढोलकी कशी वाजली, वग कोणता झाला, सोंगाड्याने आजच्या राजकारणाला कोठे चिमटा काढला, याविषयी बहुधा अवाक्षर नसते. आणि हे काही नव्याने घडलेले नाही. छापील वृत्तपत्रांच्या भरभराटीच्या काळातही तमाशाला समीक्षेच्या पानावर क्वचितच जागा मिळाली.

ही उणीव आता मोबाईल भरून काढील, असे सांगितले जाते. मोबाईलवर काय येते? अर्ध्या मिनिटाचा तुकडा. त्यात नाच मावतो, वग मावत नाही. कोणता तुकडा लोकांपुढे न्यायचा हे ठरविणारी यंत्रणा माळेगावात तर नाहीच, मुंबईतही नाही. उद्या फडमालक त्या तुकड्याच्या मापाने कार्यक्रम बसवू लागला, तर पहिला सोंगाडी घरी बसेल.

यंत्राला विरोध करणे हे अर्थातच समाजवाद्यांचे काम नव्हे. किनवटच्या किंवा उदगीरच्या तरुणाला कोणा मालकाची मर्जी न सांभाळता लिहिता येऊ लागले, हे मोलाचेच आहे. प्रश्न त्या तरुणाच्या चुलीचा आहे. नरहर कुरुंदकरांनी नांदेडला राहून कादंबरीपासून भरताच्या नाट्यशास्त्रापर्यंत साक्षेपाने लिहिले, याचा आपण अभिमान बाळगतो. मात्र त्यांचा संसार लेखनाच्या मानधनावर नव्हे, पीपल्स कॉलेजातील अध्यापकाच्या वेतनावर चालत होता, हे सोयीस्करपणे विसरतो. १९८२ साली ते गेले. आज नांदेड-लातुरात तसेच वाचन असलेला तरुण तासिका तत्त्वावर शिकवितो आणि रात्री फुकट लिहितो. त्याच्या लेखाशेजारच्या जाहिरातीतला मोठा वाटा मात्र गूगल आणि फेसबुक नेतात.

२०२२ साली उदगीरला अखिल भारतीय आणि विद्रोही अशी दोन साहित्य संमेलने एकाच सुमारास भरली. छायाचित्रे क्षणात घरोघर पोचली. दोन मांडव का पडले, हे सामान्य वाचकाला समजावून सांगणारे लेखन मात्र शोधावे लागले. असे लेखन वेळ मागते, आणि वेळेला दाम पडतो.

शासनाकडे मागणी अवश्य करावी. तोवर आपल्या साप्ताहिकाने येत्या यात्रेला एक जाणकार माणूस एसटीचे भाडे आणि रीतसर मानधन देऊन पाठवावा, आणि त्याने तीन रात्री फडात बसून पाहिलेले मोबाईलवरही द्यावे, छापावेही.