न पिताही तोल जातो तेव्हा
दारू उतरली की चाल सरळ होते, हा समज वर्षानुवर्षे पिणाऱ्यांच्या बाबतीत खोटा ठरतो. सकाळी थेंबही न घेतलेला माणूस पाय फाकवून, भिंतीचा आधार घेत चालतो आणि शेजारी म्हणतात, ‘सकाळीच लावून आला.’ हे ऐकून जीव तुटतो, कारण त्या क्षणी तो नशेत नसतो, आजारी असतो. डोक्याच्या मागच्या बाजूचा लहान मेंदू तोल सांभाळतो. त्याच्या मधल्या पट्ट्यातल्या पेशी दारूने आणि ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाने झिजतात. हा भाग मुख्यतः पायांचा. त्यामुळे हात आणि बोलणं बऱ्याचदा ठीक राहतं आणि घरच्यांना खरं कारण उमगत नाही. त्यात तळपायाच्या नसा बधिर झाल्या, की जमिनीचा अंदाज डोळ्यांनीच घ्यावा लागतो; मग वीज गेली किंवा तोंड धुताना डोळे मिटले, की माणूस कोसळतो. सोबत बुद्धी गोंधळली किंवा डोळ्यांची हालचाल बिघडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. नुसतं ग्लुकोजचं सलाइन पुरत नाही, थायमिनचं, म्हणजेच ब-१ जीवनसत्त्वाचं, इंजेक्शन लागतं. दारू सुटली, जेवण सुधारलं, तर काही महिन्यांत चाल पुष्कळदा सावरते, पूर्ण नसली तरी. मात्र रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी घरीच सोडू नये. झटके येऊ शकतात, डॉक्टरांची देखरेख हवीच.