निळ्या वर्तुळांचा ऑक्टोपस घरात पाळावा का?



माझी एक भाची अमेरिकेत असते. परवा तिने फोनवर विचारलं, "मावशी, आमच्या चिरंजीवांना वाढदिवसाला निळ्या वर्तुळांचा ऑक्टोपस हवाय. खाऱ्या पाण्याची टाकी घरात आहेच. आपण त्याला मारणार नाही, उलट जपणार. मग यात वाईट काय?" मी तिला 'आणू नका' एवढंच सांगितलं. पण प्रश्न मनापासून विचारलेला आहे, तेव्हा कारणं नीट सांगायला हवीत.

हा ऑक्टोपस तळहातावर मावेल एवढाच असतो. जपानपासून ऑस्ट्रेलियापर्यंत, प्रशांत आणि हिंदी महासागराच्या उथळ पाण्यात, खडकांच्या फटींत तो राहतो. १९८३ साली बॉन्डचा 'ऑक्टोपसी' आला होता, ज्याचं चित्रीकरण आपल्या उदयपूरला झालं. त्यातही हाच प्राणी टाकीत ठेवलेला दाखवलाय. त्याच्या लाळेत टेट्रोडोटॉक्सिन नावाचं विष असतं. चावलेलं पुष्कळदा कळतही नाही. मग ओठ बधिर होतात, हातपाय लुळे पडतात, श्वासाचे स्नायू थांबतात, आणि माणूस शुद्धीवर असूनही बोलू शकत नाही. यावर उतारा नाही. विष ओसरेपर्यंत कृत्रिम श्वास देत राहणं एवढाच उपाय. १९५४ मध्ये ऑस्ट्रेलियात डार्विनजवळ एका तरुणाने गंमत म्हणून असा ऑक्टोपस अंगाखांद्यावर खेळवला आणि काही तासांतच त्याचा जीव गेला.

तरीही याला खुनशी म्हणू नये. मृत्यूच्या नोंदी अगदी मोजक्या आहेत, कारण तो आपणहून कुणाच्या वाटेला जात नाही. उचललं, डिवचलं तरच चावतो. समुद्रात त्याच्यापासून लांब राहता येतं. घरात मात्र टाकी साफ करायला कुणाचा तरी हात पाण्यात जाणारच. शिवाय ऑक्टोपसच्या अंगात हाड नाही, बारीकशा फटीतूनही तो निसटतो. २०१६ मध्ये न्यूझीलंडच्या नेपियर इथल्या मत्स्यालयातून इंकी नावाचा ऑक्टोपस सांडपाण्याच्या नळातून थेट समुद्रात गेला, ही बातमी जगभर गाजली. तो बिनधोक जातीचा होता. लहान मुलांच्या घरात याने तेच केलं तर?

पण समजा, झाकण पक्कं आहे आणि सगळे सावध आहेत. तरी माझं उत्तर तेच राहील.

ज्या निळ्या वर्तुळांसाठी लोक याला विकत घेतात, ती एरवी तितकीशी दिसतच नाहीत. शांत असताना हा प्राणी पिवळट-तपकिरी, खडकात मिसळून गेलेला असतो. घाबरला की एका सेकंदाच्या आत ती वर्तुळं झगझगीत निळी होतात. 'जवळ येऊ नकोस' अशी ती विनवणी आणि ताकीद असते. म्हणजे पाहुण्यांना त्याची शोभा दाखवायची तर त्याला भिववावं लागणार, काचेवर टकटक करावी लागणार. आपल्याकडे अभयदानाला केवढं मोठं स्थान आहे! आणि इथे पैसे मोजून आपण एका जिवाची भीती विकत घेतो, तीही दिवाणखान्यात मांडायला.

"पण आम्ही मारत नाही ना?" अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार पाठशाळेत आपण पाठ केले होते, आठवतात? बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. वधाच्याही आधी बंध येतो. जिवाला डांबून ठेवणं हाच दोष मानला आहे, मग टाकी कितीही महागडी असो. अन्नपाननिरोधही यात आहेच. बाजारात येणारे हे ऑक्टोपस बहुतेक इंडोनेशिया, फिलिपिन्सच्या समुद्रातून पकडलेले असतात, आणि प्रवासात पिशवीतलं पाणी घाण होऊ नये म्हणून पकडलेल्या जिवांना उपाशी ठेवण्याची या धंद्यात रीतच आहे.

आता सांभाळायचं म्हणजे काय, तेही पाहू. हा प्राणी खेकडे आणि कोळंबी खातो. म्हणजे दर दोन-चार दिवसांनी आपल्या हातांनी जिवंत खेकडा त्याच्यापुढे सोडायचा किंवा मेलेली कोळंबी आणून फ्रिजमध्ये ठेवायची. समुद्रात तो शिकार करतो, तो त्याचा स्वभाव आणि त्याचं कर्म. घरात मात्र ते कृत, कारित, अनुमोदना या तिन्ही वाटांनी आपल्या खात्यात येतं. हिंसक प्राणी पाळणं अनर्थदंडात का मोजलं, हे इथे चांगलं कळतं.

काही जण म्हणतात, समुद्रात त्याला मोठे मासे खाऊन टाकतील, आपल्याकडे तो सुखात राहील. पण त्याचं आयुष्यच जेमतेम दीड-दोन वर्षांचं असतं. पकडलेला ऑक्टोपस बहुधा पूर्ण वाढलेला असतो, म्हणजे उरलेले थोडे महिने काचेत काढायचे. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या जातीची मादी साधारण ५० अंडी हातांखाली धरून महिनोन्‌महिने काही न खाता जपते आणि पिल्लं बाहेर आली की प्राण सोडते. आयुष्यात एकदाच. तिला पकडलं तर ते एकदाचंही गेलं.

आणखी एक गोष्ट मला विचारात पाडते. शंख-शिंपले आपण द्वींद्रिय म्हणून शिकलो. प्राणिशास्त्रात ऑक्टोपस त्यांचाच भाऊबंद, पण त्याला उत्तम डोळे आहेत, तीन हृदयं आहेत, तो शिकतो, लक्षात ठेवतो. ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात ऑक्टोपसला सुखदुःख जाणणारा जीव मानलं. कायद्याला आत्ता पटलं ते आपल्याला लहानपणापासून पटलेलं आहे, मग आपल्याच घरात ही टाकी यावी का?

संशोधकांनी मोठ्या मत्स्यालयात एखादा ठेवून त्याच्या विषाचा अभ्यास करावा की नाही, हा वेगळा वाद आहे. मी बोलतेय ती हौसेबद्दल. परिग्रह-परिमाणात आपण सोनं, कपडे, भांडी मोजतो. जीव हाही परिग्रह होऊ शकतो, हे मुलांना सांगायची ही चांगली संधी आहे. मूल हट्ट करतंय तर त्याच्यासोबत बसून ऑक्टोपसवरचा एखादा चांगला माहितीपट बघा, पुस्तक आणून द्या, आणि वर्तुळं निळी का होतात ते त्याला समजावून सांगा. मुलांना हे आपल्यापेक्षा लवकर कळतं, असा माझा अनुभव आहे.

तुमच्याकडे मासे, पोपट, कासव पाळण्यावरून असे वाद झाले असतील, तर कसे मिटवलेत ते जरूर लिहा.