लाल नाणं की तपकिरी नाणं? भांडवल कशात घालाल?

जुन्या नाण्यांचा छोटा व्यवसाय करायचाय म्हणणारे बरेच जण पहिला प्रश्न हाच विचारतात, "सर, तांब्याची नाणी काळपट पडलीत, चकचकीत करून विकू का?" माझं उत्तर आहे, अजिबात नाही.

तांब्याचं नाणं टांकसाळीतून निघतं तेव्हा केशरी-लाल असतं. हवा, ओल, बोटांचा घाम लागला की हळूहळू तपकिरी होतं. अमेरिकेतल्या पीसीजीएस, एनजीसी या नाणी तपासून सीलबंद करणाऱ्या कंपन्या म्हणूनच दर्जासोबत रंगही लिहितात. आरडी म्हणजे लाल, आरबी म्हणजे लाल-तपकिरी, बीएन म्हणजे तपकिरी. पीसीजीएसच्या हिशोबात मूळ लाली साधारण ९५ टक्के टिकलेली असेल तरच 'लाल'. वर्ष तेच, दर्जा तोच, तरी लाल नाण्याला तपकिरीच्या कितीतरी पट भाव मिळू शकतो. व्हिक्टोरिया राणीचा पाव आणा घ्या. हातोहात फिरलेला तो पैसा लाल राहणार कसा? म्हणून तर भाव!

लोक घसरतात ते इथेच. चिंच, लिंबू, पितांबरी, आणि पाच मिनिटांत नाणं लाल. पण ही लाली टांकसाळीची नव्हे. आम्लाने वरचा थर खाल्लेला असतो, रंग गुलाबीसर आणि सपाट दिसतो. नाणं तिरकं फिरवलं की उजेडाची लकेर फिरायला हवी, ती फिरत नाही. जाणकार गिऱ्हाईक बघतं आणि खाली ठेवतं. नवखं फसतं, हे खरं. पण तेच पुढे जाणकार होतं, आणि मग तुमचं नाव चारचौघांत सांगतं.

माझं मत थोडं वेगळं वाटेल. सुरुवातीला अस्सल लाल नाण्यातही पैसे अडकवू नका. तो भाजीसारखा नाशवंत माल आहे! कोकणातला एक पावसाळा, किंवा मऊ पीव्हीसीचं स्वस्त पाकीट, एवढ्यावर लाल माल लाल-तपकिरी होतो. हिरवा डाग पडला तर आणखी वाईट. तपकिरी नाणं मात्र बरंचसं स्थिरावलेलं असतं. एकसारखा चॉकलेटी रंग, अक्षरं स्वच्छ, अशा नाण्याला गिऱ्हाईक आहेच. शिवराईचं तर विचारूच नका. 'श्री राजा शिव' नीट वाचता येणारी गडद शिवराई लोक आनंदाने घेतात. लालभडक शिवराई दिसली की मला आधी संशय येतो.

नाणं कडेला धरा, कोरडं ठेवा, फोटो फिल्टर न लावता काढा. धुतलेलं असेल तर तसं लिहून विका, कमी भावात का होईना.

आणि हो, शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. त्याच्या विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो, आणि ते परदेशी गिऱ्हाइकाला पाठवता येत नाही. दुकानाची पाटी रंगवण्याआधी हे काम उरका.