आमची तलवार आणि भावकीतले सत्तेचाळीस लाख

रघुजी भोसल्यांच्या तलवारीनं आमच्या भावकीत भांडण लावलं असं म्हटलं तर नागपूरकर रागावतील, पण झालंय तसंच. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीज्‌च्या लिलावात महाराष्ट्र सरकारनं ती तलवार घेतली. सगळा खर्च धरून ४७.१५ लाख रुपये. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली, टीव्हीवर झळकली आणि त्याच रात्री आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माळ्यावरच्या तलवारीचा फोटो पडला. खाली एकच ओळ: "आपलीपण सेम हाय की रं!"

तेव्हापासून गडहिंग्लजच्या आमच्या घरात सत्तेचाळीस लाखांची वाटणी चालू आहे. कुणाचा हिस्सा किती, पुण्याच्या आत्याला धरायचं की नाही, इथपर्यंत. मध्येच कुठलासा 'अँटिकवाला' बाहेरगावाहून फोन करतो. तलवार न बघताच तो म्हणाला, "शिवकालीन असेल तर दहापासून बोलू." दहा म्हणजे लाख. हे 'असेल तर' कुणीच नीट ऐकलेलं नाही.

ग्रुपवर मी चार ओळी लिहिल्या तर मला 'घरभेदी' म्हणण्यात आलं. म्हणून आता इथं, ब्लॉगवर, सविस्तर. भावकीतले निम्मे लोक हा ब्लॉग वाचतात हे मला माहीत आहे (कॉमेंट मात्र कुणी टाकत नाही).

तर दावा असा, की ही तलवार नेसरीच्या लढाईतली. २४ फेब्रुवारी १६७४, महाशिवरात्र, प्रतापराव गुजर आणि सहा स्वार बहलोलखानावर तुटून पडले. नेसरी आमच्याच तालुक्यात. त्यामुळं आमच्या भागात जुनं लोखंड सापडलं की ते नेसरीचंच. मी आजवर ज्या ज्या घरात 'नेसरीची तलवार' बघितली ती सगळी घरं मोजली तर प्रतापरावांबरोबर सहा नव्हे, एक आख्खी पलटण गेली असली पाहिजे! सात माणसांच्या मरणाची ही आपण चालवलेली थट्टा आहे असं मला मनापासून वाटतं, पण हे बोललं की लोकांना वाटतं आपणच इतिहासाचे वैरी.

पुरावे काय? पातं सरळ आहे. पात्यावर 'वाघ' कोरलाय. आणि आजा सांगायचा.

आधी वाघाचं बघू. मी भिंग घेऊन पाहिला. चार तिरप्या रेघा, एक लांबट तोंड, मागं शेपटीसारखं काहीतरी. लहान पोरानं खिळ्यानं काढावं तसं. तो वाघ नाही, लांडगा आहे. जर्मनीत पासाऊ नावाचं गाव आहे, तिथले पाती करणारे कारागीर पळत्या लांडग्याची खूण उठवायचे. माल इतका नावाजला की झोलिंगेन ह्या दुसऱ्या जर्मन गावातल्या कारागिरांनी तोच लांडगा आपल्याही पात्यांवर उठवायला सुरुवात केली. इटलीतला आंद्रेया फेरारा हा नामांकित कारागीर. त्याच्या नावाचा ठसा तो मेल्यावरही कित्येक वर्षं जर्मन पात्यांवर पडत राहिला. म्हणजे डुप्लिकेट मालाचा धंदा आपल्याकडं आला त्याच्या कितीतरी आधी तिकडं तो जोरात होता. पुढं ही पाती जहाजातून हिंदुस्थानात आली, आणि 'जेनोवा' असली विलायती अक्षरं आणि खुणा आपल्या लोहारांनीही गिरवल्या. लांब देशचा शिक्का बघितला की गिऱ्हाईक दोन पैसे जास्त देतं, तेव्हाही आणि आताही.

म्हणून लांडगा दिसला म्हणजे पातं जर्मन, हे ठरत नाही. जर्मन असलं तरी ते १६७४ चं ठरत नाही. आणि १६७४ चं असलं तरी ते नेसरीला होतं हे तर मुळीच ठरत नाही. ह्या तीन पायऱ्या आमच्या भावकीनं एका उडीत पार केल्यात.

'जर्मन' शब्द काढल्यावर ग्रुपवर जो गदारोळ झाला तो वेगळाच. तात्या म्हणाले, "मराठ्यांची तलवार आणि जर्मनची? कायबी बरळू नकोस." तात्या, तुमचा मान राखून सांगतो, असल्या सरळ पात्याच्या तलवारीला आपलेच पूर्वज 'फिरंग' म्हणायचे. नावातच कबुली आहे. ज्या रघुजींच्या तलवारीवरनं हे सगळं सुरू झालं तिचं पातंही युरोपातलंच, आणि तिच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत 'फिरंग' असंच लिहिलंय. कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजीमहाराजांकडनं १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सकडं गेलेली, आपण जगदंबा म्हणून जी परत मागतो, तिचंही पातं युरोपीय घडणीचं आहे आणि त्यावर आय एच एस ही ख्रिस्ती अक्षरं आहेत. चांगलं पोलाद जिथनं मिळेल तिथनं घ्यायचं, मूठ आपल्या हाताची बसवायची आणि लढायचं. ह्यात कमीपणा कसला? उलट शहाणपण आहे.

आता किमतीचं. रघुजींच्या तलवारीला सत्तेचाळीस लाख कशाचे? पात्याचे नव्हेत. तशी पाती देशभरच्या संग्रहांत पडून आहेत. पैसे आहेत त्या सोन्याच्या अक्षरांचे, कारण त्यांनी वस्तू एका माणसाशी बांधली. आमच्या तलवारीवर अक्षर नाही. (आता कुणी कोरून घेऊ नका म्हणजे झालं. गल्लीतल्या भांड्यांवर नावं घालणाऱ्याला विचारून झालंय असं कानावर आलंय.)

आणि अक्षर असलं तरी डोळे मिटून मानायचं नसतं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं २०२४ मध्ये तीन वर्षांच्या कराराने इकडं आली. त्यांच्या पेटीवर मजकूर आहे: ही शिवाजीची, यानेच त्याने 'मोगल' सरदाराला मारलं. अफझलखान मोगलांचा होता काय? तो आदिलशाहीचा, हे आपल्याकडं चौथीतलं पोरगं सांगतं. पेटी नंतर स्कॉटलंडमध्ये केलेली. महाराजांनी वापरली तीच ही, याची खात्री देता येत नाही असं ते संग्रहालय स्वतःच म्हणतं, आणि कोल्हापूरच्या इंद्रजित सावंतांनी ते उघडपणे मांडलं. त्यावर त्यांना उत्तर कमी मिळालं, शिव्याच जास्त. आमच्या ग्रुपवर त्याची छोटी आवृत्ती निघालीय इतकंच.

मला यात हेवा वाटतो तो जुन्या जर्मन माउजर रायफली जमवणाऱ्या परदेशी लोकांचा. पहिल्या महायुद्धातली गेवेर ९८ हातात आली की ते आधी गोष्ट ऐकत नाहीत, स्क्रू बघतात. रायफलीचा नंबर असतो, आणि त्याच नंबरचे शेवटचे आकडे बारीकसारीक भागांवरही ठोकलेले असतात. सगळे जुळले तर भाव वेगळा, बोल्ट दुसऱ्या रायफलीचा निघाला तर भाव खाली. मग लबाड लोक नंबर जुळवून ठोकतात, म्हणून आकड्याचं वळण आणि ठशाची कड बघायची. त्यांच्यात एक म्हण झालीय, की विकत घ्यायची ती बंदूक, तिची कहाणी नव्हे.

आपल्या भागात पलटणीत गेलेल्यांची घरं पुष्कळ. तिथंही 'पणजोबांनी कूटहून आणलेली जर्मन बंदूक' अशा गोष्टी ऐकू येतात. कूट-अल-अमाराला १०३, ११० आणि ११७ ह्या मराठा पलटणी होत्या, आणि २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या सगळ्या फौजेला तुर्कांपुढं शरण जावं लागलं. कैदी म्हणून वाळवंटात चालत गेलेला माणूस शत्रूची रायफल खांद्यावर टाकून घरी कसा येईल? गंमत म्हणजे तुर्कांच्या हातातल्या माउजर खरोखरच जर्मनीत, ओबर्नडॉर्फला बनलेल्या होत्या, पण त्यांच्यावर अक्षरं अरबी वळणाची आणि साल त्यांच्या गणनेचं, तेराशेच्या पुढचं. अशी एखादी आपल्याकडं सापडली तर तिला अल्लाउद्दीन खिलजीची ठरवायला आपण मागंपुढं बघणार नाही!

असो. मग आमची तलवार खोटी काय? नाही. हेच तर सांगायचंय. बाजारात येणारी बनावट तलवार गाडीच्या पाट्याची असते. मुठीपासून टोकापर्यंत एकाच जाडीची, हातात पहारीसारखी जड. आमचं पातं टोकाकडं बारीक होत जातं, उचललं की हलकं वाटतं. बनावटीची मूठ वेल्डिंगनं नाहीतर नटानं धरलेली असते, आमच्या मुठीत आतून जुनी लाख आहे, एका बाजूनं तडकलीय ती दिसते. ॲसिड मारून आणलेला गंज सगळीकडं सारखा असतो, आमचा कुठं खोल, कुठं नाहीच. माझ्या मते पातं जुनं आहे, बहुधा परदेशी. मूठ त्याच्यापेक्षा बरीच तरुण. आणि नेसरीची गोष्ट मुठीपेक्षाही तरुण. आज्यानं ती सांगितली असं दादा म्हणतो, पण मी आज्याच्या मांडीवर बसून ऐकलेलं एवढंच, की "ही सामानगडावरची."

सामानगड! इथनं दहाएक किलोमीटरवर, रविवारी आपण जिथं वडापाव खायला जातो तो. १८४४ मध्ये तिथल्या गडकऱ्यांनी बंड केलं. पिढ्यान्‌पिढ्या गड राखायच्या बदल्यात मिळालेल्या जमिनींचा कारभार दाजी कृष्ण पंडितांनी काढून घेतला, म्हणून दरवाजे लावून बसले. मग भुदरगड, पन्हाळा पेटले. १३ ऑक्टोबर १८४४ ला इंग्रजांनी सामानगड घेतला आणि नंतर गडांची तटबंदी पाडली. हे लोक सरदार नव्हते, आपल्यासारखेच होते. त्यांच्यावर सिनेमा नाही, त्यांच्या नावाची तलवार कुणी मागत नाही, अँटिकवाला त्यांचे दहा हजारही देणार नाही. आमची तलवार त्यांच्यातल्या कुणाची असेलच असं मी म्हणत नाही, तसा कागद अजून माझ्या हातात नाही. पण आज्याच्या तोंडचा 'सामानगड' आपण पुसला आणि त्यावर 'नेसरी' लिहिलं, ते सत्तेचाळीस लाखांसाठी. उद्या तलवार विकली गेली तर घेणाऱ्याच्या शोकेसमध्ये ती प्रतापरावांबरोबरची म्हणून लागेल, आणि सामानगड कायमचा गेला. राग आहे तो याचा.

दादा, पैशाची नड आहे हे मला कळतं. पोरीचं इंजिनिअरिंग आहे. त्याचं आपण चौघं बसून बघू, मी माझा वाटा उचलतो. पण त्या माणसाला आधी विचार, जुन्या वस्तूंच्या व्यापाराचा सरकारी परवाना आहे काय? शंभर वर्षांवरची वस्तू म्हणजे १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू, तिचा धंदा करायला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. हे विचारल्यावर फोन परत येतो का बघ.

आणि वहिनी, खंडेनवमीला तलवार पूजा, हळदकुंकू वाहा, पण लिंबू आणि पॉलिश पेपर लावू नका. लांडग्याची शेपटी गेल्या दोन दसऱ्यांत निम्मी झाली. कोरडं फडकं आणि शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब पुष्कळ.

दिवाळीनंतर मी कोल्हापूरच्या पुरालेखागारात जाणार आहे, सामानगडच्या गडकऱ्यांच्या याद्या मिळतात का ते बघायला. मोडी वाचणारे एक गृहस्थ यायला तयार झालेत. भावकीतल्या कुणाला यायचं असेल तर कळवा, गाडीत दोन जागा आहेत. पेट्रोल माझं, जेवण तुमचं.