डिस्चार्ज कार्डावर गटाचा पत्ताही हवा

व्यसनमुक्तीचे उपचार घेऊन घरी निघालेल्या माणसाच्या कागदावर गोळ्या असतात, पुढच्या तपासणीची तारीख असते. ‘जुनी संगत सोडा’ असा सल्लाही मिळतो. पण संध्याकाळी सातला पाय सवयीने बारकडे वळतील, तेव्हा त्याने जायचे कुठे, हे त्या कागदावर सहसा नसते. औषधाचे नाव लिहायचे राहून जावे, तेवढीच ही चूक मोठी आहे असे मला वाटते.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची (‘एए’) सुरुवात १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी दोन पिणाऱ्यांच्या भेटीतून झाली. त्यातला एक स्वतः डॉक्टर होता. गटात जाणे म्हणजे भजनी मंडळात मन रमवणे, असे अनेक डॉक्टरांना आजही वाटते. पण २०२० साली कॉक्रेन संस्थेने २७ अभ्यास आणि दहा हजारांवर रुग्णांची माहिती तपासली. रुग्णाला पद्धतशीरपणे ‘एए’शी जोडून देणारे उपचार दारूपासून पूर्ण लांब राहण्यासाठी इतर मानसोपचारांपेक्षा सरस ठरले. त्यात फारसे गूढ नाही. आठ वर्षे न प्यायलेला माणूस समोर बसून ‘लग्नाच्या वरातीत मी काय करतो’ हे सांगतो, ते कोणत्याच प्रिस्क्रिप्शनवर मावत नाही.

मात्र ‘गटात जा’ एवढे सांगून कोणी जात नाही. १९८१ साली अमेरिकेत एक छोटा प्रयोग झाला. फक्त २० रुग्णांचा. निम्म्यांना बैठकीचे ठिकाण-वेळ सांगून जाण्याचा सल्ला दिला. उरलेल्यांना समुपदेशकाच्या समोरच गटातल्या सदस्याशी फोनवर जोडून दिले, आणि तो सदस्य त्यांना सोबत घेऊन गेला. पहिल्या निम्म्यांतले कोणीच गेले नाही, दुसरे सगळे गेले. आपल्याकडे हा फोन करायला किती वेळ लागेल? पाच मिनिटे.

दवाखान्याने केला नाही, तर घरच्यांनी करावा. महाराष्ट्रात ‘एए’च्या बैठका मराठीतूनही होतात. फी नाही, आडनाव कोणी विचारत नाही. गल्लीतले कोणी पाहील ही भीती खरी असते. मग चार स्टेशने पलीकडचा गट निवडावा. पहिला गट रुचला नाही, तर दुसरा पाहावा. देवाधर्माची भाषा ज्यांना खटकते त्यांनीही दोन-तीन ठिकाणी बसून पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये. पिणाऱ्याच्या कुटुंबासाठी ‘अल-अनॉन’ आहे, पुण्याच्या मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. नवरा यायला तयार नसला तरी बायकोने एकटीने जावे.

मानसिक आजारांसाठीचे गट त्यामानाने फार थोडे. डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात सुरू केलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ असे शब्द दिले, दोघांसाठीही स्वमदत गट चालवले. तालुक्याच्या गावी असे काही सापडणे कठीण. तिथे सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ वर फोन करून निदान जवळच्या मदतीची चौकशी करता येते. फोन मोफत आहे आणि चोवीस तास चालतो.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. रोज भरपूर पिणाऱ्याने गटाच्या भरवशावर एकदम दारू बंद करू नये. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतते. आधी डॉक्टर, मग गट. तसेच ‘या गोळ्यासुद्धा नशाच आहेत, सोडून दे’ असे गटात कोणी सांगितले, तर ऐकू नये. सदस्याने डॉक्टरकी करू नये, ही खुद्द ‘एए’चीच भूमिका आहे. असे कोणी बोललेच, तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांच्या कानावर घालावे, आणि गोळ्या तोवर चालू ठेवाव्यात.